नोंदवहीतली एकच शाई

नोकरीच्या तेहतीस वर्षांत मी हजारो नोंदींखाली सही केली असेल. त्यांतल्या आठ नोंदी मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. त्या २००५ सालच्या जुलैअखेरीच्या आहेत. सातारा-सांगली पट्ट्यातल्या एका सरकारी शेती संशोधन केंद्रावर मी तेव्हा कनिष्ठ संशोधन सहायक होतो. केंद्राचे नाव देत नाही, कारण जे घडले ते कोणत्याही केंद्रावर घडू शकले असते. प्रक्षेत्राच्या एका कोपऱ्यात, तारेच्या कुंपणात, आमची छोटी हवामान वेधशाळा होती: एक पर्जन्यमापक, पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवलेले तापमापक आणि बाष्पीभवन मोजण्याचे एक रुंद पात्र. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातली बाटली काढायची, पाणी मोजपात्रात ओतायचे, डोळा पाण्याच्या पातळीला आणून मिलिमीटर वाचायचे आणि नोंदवहीत लिहायचे, एवढेच ते काम. ते करणाऱ्या निरीक्षकाचे पद तीन वर्षांपासून रिक्त होते.

त्या पावसाळ्यात हे काम रात्रपाळीचा पहारेकरी करीत असे. त्याला आम्ही तात्या म्हणायचो. मोजपात्र वाचायला मीच त्याला शिकवले होते आणि त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आजही शंका नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कृष्णा आणि वारणा दोन्ही फुगल्या, रस्ते बंद झाले आणि मी आठ दिवस सांगलीत अडकून पडलो. परत गेल्यावर नोंदवही उघडली. आठही दिवसांचे रकाने भरलेले होते, पण सगळे एकाच शाईत, एकाच झोकात, आणि प्रत्येक आकड्याच्या शेवटी शून्य किंवा पाच. पावसाला पाचाचा पाढा येत नाही. मी विचारले तेव्हा तात्या म्हणाला, "सायेब, पयलं दोन दिस मोजून कागदावर लिवलं हुतं, त्यो कागद भिजला. मग वड्याला पाणी आलं, तिकडं जाताच येईना. पर पाऊस लई हुता, ते काय खोटं न्हाई." पाऊस खूप होता हे खरेच होते. मासिक विवरण पाठवण्याची तारीख उलटून गेली होती, वरच्या कार्यालयातून दोनदा विचारणा झाली होती. मी सही केली.

सरकारी विज्ञानावर राजकारणाचा प्रभाव असतो असे म्हटले की ऐकणाऱ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते: मंत्र्यांचा फोन येतो, शास्त्रज्ञ घाबरतो आणि आकडा बदलतो. असा फोन माझ्या नोकरीत मी एकदाही पाहिला नाही. इतरत्र तसे काही घडत नाही, असा मात्र माझा दावा नाही. २०१७-१८ च्या रोजगार सर्वेक्षणाचा अहवाल तयार असूनही बाहेर येत नाही, म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले. बेरोजगारीचा ६.१ टक्के हा आकडा अधिकृतपणे जाहीर झाला तो मे महिन्याच्या अखेरीस, निवडणूक होऊन नवे मंत्रिमंडळ शपथ घेतल्यावर. त्याच वर्षाचे उपभोग खर्चाचे सर्वेक्षण तर माहितीच्या दर्जाचे कारण सांगून सरकारने प्रसिद्धच केले नाही. ही उदाहरणे गंभीर आहेत, पण त्यांची निदान बातमी तरी होते. माझ्या नोंदवहीतल्या आठ आकड्यांवर कोणी दबाव आणला नव्हता. ते बिघडले ते एका न भरलेल्या पदामुळे, आणि ते पद न भरण्याचा निर्णय कुठे तरी, कोणी तरी, कोणत्याही वाईट हेतूशिवाय घेतला होता. पावसाच्या नोंदी कशा असाव्यात याबद्दल त्या निर्णयकर्त्याचे काही मत असण्याचीसुद्धा शक्यता नाही.

पैसा विज्ञानावर कसा स्वार होतो हे समजून घ्यायचे असेल तर किती पैसा मिळतो यापेक्षा तो कोणत्या महिन्यात मिळतो ते आधी पाहावे, असे मी अनुभवाने म्हणेन. अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पांत सर्वसाधारणपणे पंचाहत्तर टक्के वाटा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा आणि पंचवीस टक्के राज्याचा असतो. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. प्रत्यक्षात दोन ठिकाणांहून येणारे पैसे दोन वेगळ्या वेळी येतात, आणि पिकाला त्या दोन्ही वेळा ठाऊक नसतात. खरिपाच्या प्रयोगाची भांगलण जुलैत करावी लागते. जुलैत आकस्मिक खर्चाच्या शीर्षात शिल्लक नसे, रोजंदारीचे मस्टर काढता येत नसे, आणि गावातल्या बायका मागची मजुरी मिळाल्याशिवाय नव्या कामावर येत नसत, जे अगदी रास्तच होते. मग तणाने प्रयोग भरून जाई. काही वाफ्यांत कमी, काही वाफ्यांत जास्त. त्यामुळे एकाच वाणाच्या दोन वाफ्यांतील उत्पन्नात इतका फरक पडे की कोणता वाण सरस हे सांगता येत नसे. सांख्यिकीच्या भाषेत सी.व्ही., म्हणजे आकड्यांच्या विखुरण्याचे माप, वाढला म्हणायचे; आमच्या भाषेत, ट्रायल गेली. आणि मार्चच्या अठ्ठावीस तारखेला अनुदान येई, तीन दिवसांत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र पाठवा, अशा पत्रासकट. तीन दिवसांत भांगलण होत नाही, कारण शेतात पीकच नसते. कपाटे मात्र घेता येतात. आमच्या केंद्रावर लोखंडी कपाटांची कधीच कमतरता नव्हती.

देश म्हणून आपण संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के खर्च करतो, आणि तो दोन टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ऐकत माझी पिढी निवृत्त झाली. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचे त्याचे लक्ष्य आहे आणि त्यातला मोठा भाग सरकारबाहेरून येईल अशी अपेक्षा आहे. सरकारबाहेरचा पैसा आला तर मला त्याचे वावडे नाही. तो आला की कसे काम होते याचे उदाहरण तर आमच्या दारातच आहे.

ते उदाहरण उसाचे. नीरेजवळचे पाडेगाव सातारा जिल्ह्यात येते, आणि तिथले मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून काम करीत आहे. उसाचा एक वाण संकरापासून शिफारशीपर्यंत यायला दहा-बारा वर्षे लागतात, म्हणजे दोन निवडणुका सहज उलटून जातात, आणि तरीही उसाच्या संशोधनाला खंड पडलेला नाही, कारण उसामागे कारखाने आहेत. वसंतदादांचे नाव मिरवणारी मांजरीची साखर संस्था तर कारखान्यांच्या गाळपावरच्या वर्गणीवर उभी आहे. पैसा नियमित येतो, प्रयोगशाळा चालते, रोपवाटिका चालते. शेजारच्या सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला जत आणि आटपाडी आहेत. तिथल्या शाळूच्या भाकरीवर पिढ्या जगल्या. पण शाळूवाल्यांचा कारखाना नाही, त्यांची वर्गणी कापून घेणारे कोणी नाही आणि त्यांचा प्रतिनिधी कोणत्या नियामक मंडळावरही नाही. शाळूवर संशोधन होत नाही असे नाही, पण ते सरकारच्या मर्जीने होते. उसाचे संशोधन मात्र गरजेने होते, आणि गरज कोणाची हा प्रश्न तिथेच सुरू होतो.

त्या प्रश्नाचे उत्तर २६५ ने दिले. पाडेगावचाच हा वाण, कोएम ०२६५, लोकांच्या तोंडी नुसता दोनशे पासष्ट. एकरी टनेज जबरदस्त, क्षारपड जमिनीतही टिकणारा, त्यामुळे नदीकाठच्या पाणथळ, पांढऱ्या पडलेल्या रानांत शेतकऱ्यांनी तो डोळे झाकून लावला. पण शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात आणि कारखाना जगतो साखर उताऱ्यावर. उतारा कमी पडतो असे कारखान्यांचे म्हणणे. हा वाण उशिरा पक्व होतो, वेळेवर तोडला तर उताराही देतो, असे त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे. काही कारखान्यांनी त्याची नोंद घेण्यास का-कू केली, काही ठिकाणी तोडीला तो मागे राहू लागला, आणि शेतकऱ्यांचा जुना भरवसा ८६०३२ या आधीच्या वाणावरच राहिला. मी येथे कोणा एका बाजूने निवाडा करत नाही. मुद्दा असा की एकाच उसाबद्दल दोन प्रश्न विचारता येतात, एकरात किती टन आणि टनात किती साखर, आणि विज्ञान दोन्हींची उत्तरे सारख्याच प्रामाणिकपणे देते. कोणत्या उत्तरावर वाण तरणार हे प्रयोगशाळेत ठरत नाही. ते कारखान्याच्या गव्हाणीच्या या बाजूला की त्या बाजूला कोण उभे आहे, त्यावर ठरते. या बाबतीत मला कृष्णाकाठच्या कसबे डिग्रजचा हेवा वाटतो. तिथल्या केंद्राने काढलेले केडीएस ७२६ आणि ७५३ हे सोयाबीनचे वाण मराठवाड्यापर्यंत पसरले आणि त्यांना कोणत्या कारखान्याच्या परवानगीची गरज पडली नाही.

पैसा मागण्याचे आणखी एक कारण असते, ते म्हणजे भीती. या बाबतीत सातारा जिल्ह्याएवढा अनुभव फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. त्याची तीव्रता ६ च्या पुढे होती, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले. माझे वडील तेव्हा कराडला नोकरीस होते. अंथरुणावरून उठून बाहेर पळताना उंबऱ्याला अडखळून त्यांचा दात पडला, तो दात आई बरीच वर्षे देवघरातल्या डबीत ठेवीत असे. विज्ञानाच्या दृष्टीने अवघड प्रश्न असा होता की हा भूकंप धरणामुळे झाला का. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागले १९६१-६२ पासून, आणि त्यानंतर लगेचच त्या भागात धक्के जाणवू लागले होते. प्रश्न शास्त्रीय होता, पण ज्या धरणाच्या विजेवर राज्याच्या उद्योगांची सगळी स्वप्ने उभी होती त्याच धरणाबद्दल तो विचारायचा होता. तज्ज्ञांत मतभेद झाले आणि ते बरीच वर्षे चालले. आज जलाशयाच्या प्रभावाने होणाऱ्या भूकंपांचे जगातले ठळक उदाहरण म्हणून कोयनेचेच नाव घेतले जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने दशकानुदशके केलेल्या नोंदी त्यामागे आहेत, आणि त्या नोंदी चालू राहिल्या याचे श्रेय मी धक्क्यांनाही देतो. कोयनेत जमीन हलत राहिली, म्हणून निधीही हलत राहिला.

याच्या उलट किल्लारी. तिथे कोयनेसारखे मोठे धरण नव्हते, जुन्या समजुतीनुसार तो भाग स्थिर मानला जात होता, आणि म्हणून तिथे यंत्रेही फारशी नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर भूकंपमापकांचे जाळे नव्याने उभे राहिले, उपकरणे बदलली, भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा सुधारला गेला. वरातीमागून घोडे म्हणावे तर ते घोडे फारच महागात पडले. त्या मानाने कराडला केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने जी बोअरहोल भूभौतिकी प्रयोगशाळा उभारली आहे ती मला खरोखर दुर्मीळ गोष्ट वाटते. पाटण तालुक्यातल्या गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर खणले गेले. वरचा किलोमीटरभराहून जाड बेसॉल्ट भेदून खालच्या ग्रॅनाइटपर्यंत जायचे आणि भूकंप जिथे जन्मतो त्याच्या शक्य तितक्या जवळ यंत्रे उतरवायची, अशी ती कल्पना आहे. यातून उद्याच्या भूकंपाची तारीख मिळणार नाही, उद्घाटनाला फीत कापण्यासारखे जमिनीवर फारसे काही दिसत नाही, आणि तरीही कोणा तरी अधिकाऱ्याने त्या फाइलवर सही केली. त्या सहीबद्दल मला आदर आहे.

न दिसणाऱ्या कामाचे आणखी एक ठिकाण सांगतो आणि पुढे जातो. महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. स्ट्रॉबेरीच्या गावात गव्हाचे केंद्र कशाला, असे पर्यटक विचारतात. थंड, दमट हवेत गेरवा ही बुरशी जिवंत ठेवता येते, तिच्यावर नवे वाण पारखून घेता येतात, म्हणून ते तिथे आहे. अशा केंद्राला यश मिळाले तर काय होते? गेरवा येत नाही. यंदा गेरवा आला नाही, अशी बातमी कोणत्या वर्तमानपत्राने छापली आहे? ज्या अर्थसंकल्पात प्रत्येक शीर्षासमोर वर्षभरातली फलनिष्पत्ती लिहावी लागते, तिथे या कामाच्या रकान्यात काय लिहायचे, हा तिथल्या लोकांचा रोजचा प्रश्न असणार.

आता आमच्या सांगलीकडे. मी गावभागात राहतो. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी नमस्कारानंतरचा पहिला प्रश्न "आयर्विनला किती?" असा असतो. आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांवर इशारा आणि पंचेचाळीस फुटांवर धोका. २००५ साली पाणी त्रेपन्न फुटांच्या पुढे गेले तेव्हा यापेक्षा जास्त कधी येणार नाही, असे आम्ही सगळे म्हणालो आणि त्या रेषेच्या हिशेबाने माळे बांधले, कपाटे वर उचलली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांपलीकडे गेले. माझ्या घरातल्या भिंतीवर त्या पाण्याची तपकिरी रेघ होती, जमिनीपासून पाच फूट दोन इंचांवर; रंग देताना मी तेवढा पट्टा रंगवू दिला नाही. २०२१ मध्ये पुन्हा जवळपास पंचावन्न फूट.

२०१९ नंतर सांगलीत एकच वाक्य ऐकू येई: अलमट्टीने बुडवले. कर्नाटकातल्या त्या धरणाची पाणीसाठ्याची पातळी ५१९.६ मीटर आहे, आणि २०१० च्या कृष्णा लवादाच्या निवाड्याने ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मान्यता दिली आहे. आमच्यासाठी हे आकडे तोंडपाठ श्लोकांसारखे झाले आहेत. राज्य सरकारने निवृत्त सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली आणि २०२० च्या मे महिन्यात तिचा अहवाल आला. महापुराला अलमट्टी किंवा कर्नाटकातल्याच हिप्परगी बंधाऱ्याचा फुगवटा कारणीभूत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. अतिवृष्टी, पूररेषेच्या आतली बांधकामे, प्रवाहातले अडथळे यांच्याकडे त्याने बोट दाखवले होते.

येथे मी स्वतःबद्दल लिहिले पाहिजे. तो निष्कर्ष वर्तमानपत्रात वाचून मला राग आला. आयुष्यभर नोंदी, सी.व्ही. आणि पुनरावृत्ती यांत घालवलेला माणूस मी, अहवालाचे एक पानही न वाचता मी शेजारी बसलेल्या वकिलांना म्हणालो, "अण्णा, हे सगळे मॅनेज आहे." पूररेषेच्या आतली बांधकामे म्हणजे कोणाची? त्यांत आमच्या ओळखीच्यांचे फ्लॅट होते, दुकाने होती, आणि ज्यांनी परवानग्या दिल्या त्यांना आम्हीच निवडून दिले होते. अलमट्टी दोषी ठरली असती तर दोष दोनशे किलोमीटर पलीकडे, दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या भाषेत जाऊन बसला असता. राजकारणी जे उत्तर पसंत करतात ते बहुधा आम्हाला आधीच पसंत पडलेले असते, हे त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आले, आणि ते फारसे सुखाचे नव्हते. पुढे मी अहवालाबद्दल जितके मिळाले तितके वाचले. काही प्रश्न मला अजूनही पडतात: दोन्ही राज्यांतल्या प्रत्येक धरणाच्या आणि बंधाऱ्याच्या दारांची तासागणिक नोंद, नदीचे ताजे छेद, हिप्परगीची दारे कोणत्या दिवशी कोणत्या वेळी उघडली, हे सारे एकत्र मांडून जोपर्यंत कोणालाही तपासता येत नाही तोपर्यंत शंका जाणार नाहीत. पण हे प्रश्न मी राग गेल्यावर विचारू शकलो.

तो वाद तिथे संपला नाही. पुढे अलमट्टीच्या परिणामाचा अभ्यास रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडे देण्यात आला. दुसरे मत घ्यायला माझी हरकत नाही; डॉक्टरांच्या बाबतीतही आपण घेतोच. पण पहिल्या डॉक्टरने जे सांगितले त्यातले पथ्य तरी पाळावे की नाही? अतिक्रमणे आणि पूररेषा यांबद्दलच्या सूचनांना दुसऱ्या अभ्यासाची वाट पाहण्याची गरज नव्हती. आमच्याकडे मात्र असे झाले की निष्कर्ष नावडता ठरला आणि त्याच्याबरोबर सूचनाही बासनात गेल्या. कृष्णेला कराडला कोयना मिळते, हरिपूरला वारणा मिळते, आणि खाली नरसोबावाडीला पंचगंगा; या चार नद्यांचे पाणी एकाच वेळी आले की ते शहरात शिरणार, हे समजायला रुरकीला जावे लागत नाही.

अहवाल नावडता असला की तो कपाटात जातो, हे आपण सह्याद्रीच्या बाबतीत सगळ्यात स्पष्ट पाहिले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने ३१ ऑगस्ट २०११ रोजी आपला अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला सादर केला. ज्या मंत्रालयाने तो मागवला होता त्यानेच तो लोकांपासून लपवून ठेवला. माहिती अधिकारात अर्ज झाला, केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये अहवाल जाहीर करण्याचा आदेश दिला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तिथेही मंत्रालयाचे काही चालले नाही, आणि मे महिन्यात तो अखेर लोकांसमोर आला. नऊ महिने. या नऊ महिन्यांत अहवालात काय आहे याच्या अफवा मात्र गावोगाव पोहोचल्या होत्या. जावळी आणि पाटणच्या डोंगरातल्या माझ्या नातेवाइकांना सांगण्यात आले होते की आता घराची भिंत बांधायलासुद्धा दिल्लीची परवानगी लागेल. प्रत्यक्ष अहवालात ग्रामसभेला विचारूनच पुढे जावे असा आग्रह होता. सरकारी कामाचा धसका घेतलेल्या माणसाने अफवेवर विश्वास ठेवला म्हणून मी त्याला दोष देणार नाही. अहवाल मराठीत, छापील, ग्रामपंचायतीच्या टेबलावर पहिल्याच महिन्यात ठेवला असता तर विरोध झालाच नसता, असे मी म्हणत नाही. निदान जे लिहिले आहे त्याला विरोध झाला असता.

त्यानंतर तो अहवाल पुन्हा तपासण्यासाठी कस्तुरीरंगन गट आला, त्याने संवेदनशील क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणले, २०१४ मध्ये मसुदा अधिसूचना निघाली, तिची मुदत संपली, पुन्हा निघाली, पुन्हा संपली. सहावा मसुदा निघाला तो ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडच्या डोंगरात दरड कोसळून शेकडो माणसे गाडली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याआधी तीन वर्षे, २०२१ च्या जुलैत, आमच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या गावांवर डोंगर आला होता. त्या दरडी त्या अधिसूचनेने थांबल्या असत्या का, हे ठामपणे कोणी सांगू शकत नाही. पण ज्या कागदावर दहा वर्षे अंतिम सही होत नाही, त्याचे शास्त्रज्ञांनी नेमके काय करायचे असते?

गेल्या वर्षी एक विद्यार्थी माझ्याकडे आला. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांच्या वेळचा पाऊस आणि नदीची पातळी यांचा मेळ तो घालत होता. आमच्या केंद्राच्या पावसाच्या नोंदी त्याने रीतसर अर्ज करून मिळवल्या होत्या. कागद मांडीवर घेऊन मी २००५ च्या जुलैवर आलो. टंकलिखित तक्त्यात शाई दिसत नाही. आठ दिवसांचे आठ आकडे बाकीच्या आकड्यांसारखेच नीटनेटके दिसत होते, शेवटी शून्य आणि पाच घेऊन. मी त्याला म्हणालो, "हे आठ दिवस वापरू नकोस बाळ. हे मोजलेले नाहीत."

त्याने वहीत खूण केली. चार दिवसांनी त्याचा फोन आला. "काका, सरांनी विचारलंय, हे आठ दिवस वगळायचे तर कोणत्या आधारावर? मूळ नोंदवहीत तसा शेरा आहे का? नोंदवहीवर तर जबाबदार कर्मचाऱ्याची सही आहे."

सही कोणाची आहे, हे त्याने तक्त्याच्या तळाशी वाचले नसावे. मी त्याला तीन ओळींचे पत्र लिहून दिले आहे, नावासकट. त्याच्या सरांनी ते ग्राह्य धरले की नाही, हे त्याने अजून कळवलेले नाही.